भिंतीची दिशा

ओतूर आणि मंचरच्या बाजारांत ज्या कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात, त्याच कांद्याची कोवळी मुळे विद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जातात. विद्यार्थी पेशीविभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था ओळखतो, आकृत्या काढतो, गुण मिळवितो. परंतु दोन पेशींमधील नवी भिंत आडवीच का पडली, हा प्रश्न त्याला क्वचितच विचारला जातो. वास्तविक, वनस्पतीच्या घडणीचे मर्म याच प्रश्नात आहे.

वनस्पतीची पेशी शेजारच्या पेशीशी भित्तीने जखडलेली असते. एकदा पडलेली भिंत सरकविता येत नाही. आडव्या भिंतींनी मुळातील पेशींच्या रांगा लांबतात, उभ्या भिंतींनी रांगांची संख्या वाढते. ही जागाही आधीच ठरते. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये गव्हाच्या पेशींत दाखवून दिले की, विभाजनापूर्वी भित्तीलगत सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो. विभाजन होण्याआधी तो विरून जातो, पण नवी भिंत पुढे त्याच जागी येऊन टेकते. गवंड्याने दोरी लावून काढून घ्यावी आणि भिंत मात्र त्याच रेषेवर उभी राहावी, तसा हा प्रकार.

दिशेचे हे भान नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला नवे नाही. काडी लावताना शेंडा वर आणि बुड खाली, हे तो कटाक्षाने पाहतो. फेश्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये विलोच्या फांद्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : फांदी उलटी टांगली तरी मुळे प्रामुख्याने मूळच्या बुडाकडेच फुटतात. ऑक्झिन हे वृद्धिद्रव्य शेंड्याकडून बुडाकडे वाहते, कारण ते पेशीबाहेर सोडणारी 'पिन' प्रथिने पेशीच्या बुडाकडील बाजूस एकवटलेली असतात, हे आज ठाऊक झाले आहे.

बागायतदाराचे ज्ञान हातात आणि त्याच्या मुलाचे वहीत, अशी ही फारकत आहे. ती मिटविण्यास नवे अनुदान नको. मूळ फार न चेपता पेशींच्या रांगा पाहू द्याव्यात. दमट जागी दोन काड्या, एक सरळ व एक उलटी, टांगून ठेवाव्यात. आणि परीक्षेत चार अवस्थांच्या नावांबरोबरच 'भिंत कोठे पडेल व का?' असेही विचारावे. वडील शेतात जे करतात तेही शास्त्रच आहे, हे मुलाला त्या उत्तरातून उमगेल.