दुसरा राउटर, पण घरातले नेटवर्क एकच

फायबर घरात शिरते ते डक्ट जिथे जवळ तिथून, म्हणजे बहुतेक वेळा मुख्य दाराशी किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात. ओएनटी तिथेच टांगला जातो. मग मागची खोली, जिथे मुले अभ्यास करतात किंवा कुणी घरून नोकरी करते, ती कोरडी राहते. आरसीसीचे कॉलम, त्यातल्या सळया, बाथरूमच्या टाइल्स आणि मोठा आरसा एवढे ओलांडल्यावर ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल फारसा उरत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींमध्ये तर पुढच्याच खोलीत रड सुरू होते. ग्राहकाला ‘रेंज’ वाढवून हवी असते आणि त्याच्या कपाटात एक जुना राउटर पडून असतो. तो वापरता येईल का, हे तो आपल्याला विचारतो. बहुतेक वेळा येतो.

प्रश्न आहे तो आपण तो कसा जोडतो याचा. केबल ओढायची, दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात खोचायची, नवे नाव, नवा पासवर्ड, एक स्पीड टेस्ट, पैसे घेतले आणि निघालो. नेट चालते, त्यामुळे तक्रार लगेच येत नाही. पण या जोडणीने त्या घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, एकाच्या पोटात दुसरे. काही दिवसांनी मागच्या खोलीतल्या फोनला हॉलमधला प्रिंटर सापडत नाही, कारण प्रिंटर शोधण्यासाठी फोन जी हाक देतो ती त्याच्या स्वतःच्या नेटवर्कापुरतीच जाते. टीव्हीवर कास्टिंग होत नाही. हॉलमधल्या लॅपटॉपला आतल्या संगणकावरच्या फोल्डरपर्यंत पोहोचता येत नाही. गेमिंगमध्ये दुहेरी नॅटचा इशारा येतो, आणि सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या बाजूला आणखी एक नॅट ठेवले असेल तर तो तिसरा थर. दोन्ही राउटरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर काही राउटर आपला पत्ता आपणच बदलून घेतात, काही अडून बसतात. ग्राहक मात्र प्रिंटर खराब झाला असे समजून प्रिंटरवाल्याला बोलावतो.

दुसऱ्या राउटरने घरात फक्त दोन कामे करायची असतात: वायरवरचे हवेत सोडणे आणि हवेतले वायरवर घेणे. पत्ते वाटणे, नॅट, फायरवॉल ही कामे पहिल्याकडेच राहिली पाहिजेत. यासाठी लागणारी मेहनत थोडी आहे, पण तिचा क्रम पाळावा लागतो. आधी मुख्य राउटरचा डीएचसीपी पूल बघावा. तो १०० ते २०० असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता निर्धास्त देता येतो. पूल २ पासूनच सुरू होत असेल तर तो आधी वर सरकवावा, नाहीतर कधीतरी कुणाच्या फोनला तोच पत्ता मिळेल आणि ती भानगड शोधताना दिवस जाईल. मग दुसरा राउटर एकटा लॅपटॉपला वायरने जोडून त्याचा लॅन पत्ता बदलावा, नव्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन करून वाय-फायचे सगळे उरकावे, आणि डीएचसीपी सर्वांत शेवटी बंद करावा. तो आधी बंद केला तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि हाताने भरत बसावे लागते. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याची पत्ते जाहीर करण्याची सोयही दुसऱ्या राउटरवर बंद हवी. ही पायरी आपल्यातले बरेच जण विसरतात. त्यानंतर लॅन पोर्टातून लॅन पोर्टात एकच केबल. चुकून दोन जोडल्या तर लूप होतो आणि अख्ख्या घराचे नेट बसते. वॅन पोर्ट रिकामा ठेवून त्यावर टेप लावावी.

राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड आयता असेल तर तोच वापरावा. त्यात सहसा वॅन पोर्टही चालतो. मात्र अशा वेळी राउटर स्वतःचा पत्ता बहुधा मुख्य राउटरकडून घेतो, म्हणून तिथे त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवावा. नाहीतर पुढच्या वेळी त्याचे पान उघडायला पत्ताच सापडत नाही.

वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे तंतोतंत एकच ठेवावा. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे इमारतीत गर्दी तिथेच. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ आणि १, ६, ११ यांपैकी चॅनेल, यापलीकडे जाऊ नये. १२ आणि १३ भारतात चालतात, पण अमेरिकेतून आणलेल्या काही फोनना ते दिसत नाहीत, आणि अशा फोनचे घर आपल्याला हमखास भेटते.

एका राउटरकडून दुसऱ्याकडे कधी सरकायचे हे फोन ठरवतो, राउटर नव्हे. हे ग्राहकाला आधीच सांगावे. फोन दूरच्या राउटरला चिकटून राहत असेल तर उपाय पॉवर वाढवण्याचा नसतो, दोन्हीकडची थोडी कमी करण्याचा असतो. चालता चालता वाय-फायवरचा कॉल क्षणभर तुटू शकतो. ते अजिबात चालणार नसेल तर ८०२.११ के, व्ही, आर ही मानके पाळणारी जोडी सुचवावी. जुन्या राउटरकडून ते वचन देऊ नये.

केबलबद्दल माझे मत कडक आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त सीसीए केबल भिंतीत घालणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे. क्रिंपिंग करताना ती तुटते आणि जोड कालांतराने ढिले पडतात. गिगाबिटला आठही तारा लागतात; एक जोडी गेली की जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर उतरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून काम संपल्यावर लिंक स्पीड बघितल्याशिवाय उठू नये. जुन्या राउटरचा पोर्टच १०० मेगाबिटचा असेल तर २०० च्या प्लॅनवरही मागच्या खोलीत १०० च्या आतच मिळणार, हे काम घेण्याआधी सांगावे. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीकडे तांब्याची केबल तर कधीच ओढू नये. वळवाच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबरच हवी.

डब्ल्यूपीए२-एईएस न येणारा राउटर मोफत मिळाला तरी बसवू नये, तो ई-कचऱ्यात द्यावा. बाकीच्यांचे फर्मवेअर शक्य तेवढे ताजे करावे, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ च्या मिराई बॉटनेटने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातल्या पासवर्डच्या जोरावरच. नवा पासवर्ड ग्राहकाच्या हातात लिहून द्यावा. तो आपल्याच वहीत ठेवून ग्राहक बांधून घेण्याची पद्धत आपल्या धंद्यात रुळली आहे, ती बंद झाली पाहिजे.

आणि राउटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवावी: ‘ॲक्सेस पॉइंट, पत्ता १९२.१६८.१.२, रीसेट करू नये.’ नेट मंदावले की घरातले कुणीतरी टाचणीने रीसेट दाबतेच. त्या क्षणी राउटर मूळ पत्त्यावर परततो, डीएचसीपी पुन्हा चालू होतो आणि चुकीचे पत्ते वाटू लागतो. त्याचा मूळ पत्ताही १.१ असेल तर एकाच पत्त्यावर दोन दावेदार उभे राहतात. ग्राहक कंपनीला फोन करतो, कंपनीच्या बाजूने सगळे ठीक दिसते, आणि घर दोन दिवस नेटविना राहते. बिलावरही ‘राउटर बसवला’ एवढेच न लिहिता पत्ता, चॅनेल, लिंक स्पीड आणि कोणत्या पोर्टात केबल आहे ते लिहावे आणि त्या कामाचे पैसे वेगळे लावावेत. नंतर तिथे आपल्यापैकी दुसरा कुणी गेला, तरी त्याला केबल उपसत बसावे लागणार नाही.