क्रियापदाची अडचण

शेजारच्या बीड जिल्ह्यांतील पोलीस शिपाई ललित साळवे यांचें नांव वाचकांस स्मरत असेल. महिला म्हणून भरती झालेल्या या गृहस्थांनीं २०१७ सालीं लिंगबदल शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २०१८ सालीं सरकारनें अनुमति दिल्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली. तेव्हां आम्हीं धाराशिवांत बसून त्यांच्या धैर्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली. दूरच्या धैर्याची वाखाणणी करण्यास पदरचें कांहीं खर्च होत नाहीं!

परंतु गतवर्षीं, आम्हीं जिला मैत्रीण म्हणत आलों त्या बालसोबत्यानें "यापुढें मला पुरुष समजा" असें सांगितलें, तेव्हां आमची जीभ अडखळली. इंग्रजींत सर्वनाम सांभाळलें म्हणजे बहुतेक भागतें. मराठींत 'आली', 'गेली', 'कशी आहेस' अशा शब्दाशब्दाशीं गांठ. त्यांत चाळीस वर्षांची संवय! मंडळींतील दोघींनीं तर येणेंच सोडलें. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास त्याला बोलवावें कीं न बोलवावें, यावर आम्हीं आठ दिवस खल केला. त्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं.

शेवटीं त्या दिवशीं तोच दारांत उभा राहिला. "हळदीकुंकू राहूं द्या, आंब्याची डाळ तरी द्याल ना?"

आमच्या तोंडून निघालें, "ये ग," आणि लगेच, "ये रे."

तो हंसून आंत आला. त्या दोघींस यंदां आम्हीं पुन्हां बोलावणें धाडलें आहे.