वाफेची इस्त्री घ्यावी काय?

चारचौघांत जाताना अंगावर परीटघडीचे कपडे असावेत, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिस्त होती. नोकरीच्या किंवा संस्थानी चाकरीच्या निमित्ताने माळव्यात, गुजरातेत अथवा निजामाच्या मुलखात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांनी ती निष्ठेने पाळली. पितळी तांब्यात निखारे भरून सदऱ्याच्या सुरकुत्या काढणे, मग कोळशाची जड इस्त्री, मग विजेची, आणि पुढे पोटात पाणी घेणारी वाफेची इस्त्री, असा हा प्रवास आहे. आता दुकानांत ‘स्टीम जनरेटर आयर्न’ नावाचे यंत्र मांडलेले दिसते. त्याची किंमत बहुधा पाच आकडी असते, आणि ‘हे घ्यावे काय?’ अशी विचारणा एका वाचकभगिनीने आमच्याकडे केली आहे. तिचे उत्तर सविस्तर द्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. नेहमीच्या वाफेच्या इस्त्रीत पाणी इस्त्रीच्याच पोटात असते. ते थेंबाथेंबाने तापल्या तळावर पडून त्याची वाफ होते. जनरेटरमध्ये पाण्याची टाकी वेगळ्या बैठकीत असते. तेथून नळीवाटे दाबाखालची वाफ इस्त्रीत येते व तळाच्या छिद्रांतून कपड्यात शिरते. सुती धाग्याला ओलावा व उष्णता एकदम मिळाली की तो मऊ होतो आणि कोरडा होताना दिलेल्या आकारात बसतो. म्हणून वाफ जितकी खोल जाईल तितके कमी हात फिरवावे लागतात. जाड सुती चादरी, खादीचे सदरे, पडदे यांच्या बाबतीत हा फरक खरोखर जाणवतो.

या यंत्रांचेही दोन प्रकार आहेत. एकात बंद बाष्पपात्र असते. त्यातील पाणी संपले की ते निवेपर्यंत थांबून मगच झाकण उघडावे लागते. घाईने झाकण फिरवणे म्हणजे हात भाजून घेणे होय. दुसऱ्यात साधी टाकी व पंप असतो; तिच्यात काम चालू असतानाही पाणी भरता येते. घरगुती वापरास हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा.

दुकानदार ‘मिनिटाला १२० ग्रॅम वाफ’ असे आकडे सांगतो. नेहमीच्या वाफेच्या इस्त्रीत हा आकडा २० ते ५०च्या घरात असतो, त्यामुळे ग्राहक दिपून जातो. येथे थोडे गणित करावे. एक ग्रॅम साध्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,५७० जूल उष्णता लागते. २,४०० वॉटच्या यंत्राची सगळी वीज केवळ पाण्यातच गेली, तरी मिनिटाला ५५ ग्रॅमच्या आसपासच वाफ होईल. उरलेली वाफ येते ती आधीच साठवलेल्या उष्णतेतून, आणि म्हणून ती थोडाच वेळ टिकते. आकडा खोटा नसतो, पण तो अखंड कामाचा समजू नये. क्षणभराच्या झोताचा आकडा तर याहूनही मोठा असतो. त्याकडे फारसे पाहूच नये.

दुसरा प्रश्न विजेचा. आपल्याकडील ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १,३८० वॉट झेपतात. जनरेटरला २,००० ते २,४०० वॉट व क्वचित त्याहून अधिक लागतात, म्हणजे १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे, आणि त्याची तार व अर्थिंगही तशीच हवी. जुन्या वाड्यांत व चाळवजा घरांत असे सॉकेट बहुधा न्हाणीघरातील गीझरपाशीच सापडते. तेथून लांब वायर ओढून काम भागवणे धोक्याचे आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे, मग दुकानाची पायरी चढावी.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. आमच्या घरी दोन नळ आहेत: एक नगरपालिकेचा, दुसरा बोअरचा. घाईत जो नळ जवळ असेल त्याचे पाणी टाकीत भरले जाई, आणि बाष्पपात्र धुण्याची सूचना पुस्तिकेतच राहिली. एका मुंजीच्या आदल्या रात्री मातोश्रींच्या पांढऱ्या चंदेरी साडीवर इस्त्रीने मळकट पाण्याचे शिंतोडे उडवले. त्या साडीचे लुगड्यापलीकडचे मोल आम्हांस ठाऊक होते. ती त्यांच्या आईची होती. डाग पुढे पुष्कळसे गेले, पण त्या मुंजीत मातोश्री दुसरी साडी नेसून बसल्या. यंत्राचा दोष नव्हता, आमचा होता.

बोअरच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर पात्राच्या आत थरासारखे बसतात व वाफेबरोबर बाहेर पडतात. म्हणून पाणी कोणते वापरावे हे पुस्तिकेत पाहावे. काही यंत्रांना साधे नळाचे पाणी चालते, काहींत शुद्ध पाणी मिसळण्यास सांगितलेले असते. अत्तराचे, खळीचे वा अन्य कशाचेही मिश्रण टाकीत घालू नये. क्षार काढण्याची सोय सुलभ आहे ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. आणि ते काम यंत्र पूर्ण निवल्यावरच करावे.

कापडाचेही तारतम्य हवे. इस्त्रीवरील एक ठिपका सुमारे ११०, दोन १५० व तीन २०० अंश सेल्सिअस दर्शवतात. रेशीम दोन ठिपक्यांच्या पुढे नेऊ नये. पैठणी व जरीकाठ उलट बाजूने, वर मलमलचा फडका पसरून, शक्यतो वाफेवाचूनच फिरवावेत. खळ केलेल्या कपड्यास वाफेचा फार उपयोग नाही, उलट खळ तळाला चिकटते. वाफेने दमटलेले कपडे लगेच घडी करून कपाटात ठेवू नयेत. पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो.

आता मूळ प्रश्न. समजा, घरातून आठवड्याला ४० कपडे इस्त्रीला निघतात व कोपऱ्यावरील प्रेसवाला नगास ८ रुपये घेतो. वर्षाचे १६,६४० रुपये झाले. अशा मोठ्या कुटुंबास, एका बैठकीत ढीग उपसण्याची सवय असल्यास, हे यंत्र उपयोगी ठरेल. दहाच कपडे असतील तर खर्च ४,१६० रुपयांचा. तेथे दोन-तीन हजारांची चांगली वाफेची इस्त्री पुरेशी आहे. अडीनडीला सदरा चटकन करायचा तर तीच बरी, कारण जनरेटरची कित्येक किलोंची बैठक काढा-ठेवायलाच वेळ जातो, आणि लहान घरात तिला कायमची जागा नसते.

आणखी एक हिशेब पत्रकात नसतो. प्रेसवाल्याकडचे ४० कपडे घरी आले, की ते कोणाच्या तरी हातांनी व्हायचे असतात, आणि ते हात बहुधा गृहिणीचेच असतात. यंत्र आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून कोणत्या वारी कोण उभे राहणार हे ठरवावे. ते ठरले नाही, तर पंधरा-वीस हजार खर्चून आपण तिचा रविवार तेवढा घेतला असे होईल. अशा घरी प्रेसवाल्याचा हिशेब चालू ठेवणेच शहाणपणाचे. त्याचेही घर त्यावर चालते.

वाचकभगिनीस आमचे सांगणे इतकेच: आधी कपडे मोजा, सॉकेट पाहा, पाणी तपासा आणि घरच्यांना विचारा. या चारही प्रश्नांची उत्तरे अनुकूल आली, तर यंत्र अवश्य घ्या.