लेकीच्या हाती पित्याची शुश्रूषा

नवापूरकडील ख्रिस्ती घरांत अंथरुणाला खिळलेल्या पित्याची सेवा लेकीवर येते, तेव्हा कधी लहानपणी मारणारे हातच तिला धुवावे लागतात. तिला लगेच ‘क्षमा कर’ म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते. पुढे ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्यापायी घराची झालेली होरपळ लपवली नाही, १८५७च्या बंडानंतर आप्ताला झालेल्या फाशीचा त्यामागचा धक्काही सांगितला. स्तोत्र २७मध्येही आईबापांनी टाकण्याचा उच्चार आधी, परमेश्वराने जवळ घेण्याची आशा नंतर. भगिनींनो, राग प्रार्थनेत स्पष्ट बोलावा. अनावर झाल्यास घटकाभर दुसऱ्यास बसवावे. आणि वडीलधाऱ्यांनो, ‘चुकलो’ हा शब्द लेकीने मागण्याची वाट पाहू नये. वाचा गेली असल्यास तिचा हात धरावा.