तिसऱ्याची सही

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा शिकविली. परंतु दोघांचा समेट होऊनही तिसऱ्याची हानी होऊ शकते, हे मात्र आम्हांस परवा उमगले.

आमचा एक जुना विद्यार्थी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवितो. एका फाउंड्रीशी व्हावयाच्या कराराचा मसुदा घेऊन तो आला. “सर, एकदा नजर फिरवा,” एवढीच विनंती. आम्ही चष्मा चढविला आणि पाचव्याच कलमाशी अडखळलो. कंपनी त्याचे बिल साठ दिवसांनी चुकविणार होती.

“मग मुलांचा पगार?”

“कंपनीचे पैसे आले की देईन, सर. माझ्याजवळ दोन महिन्यांचे भांडवल कुठले?”

म्हणजे थांबावयाचे कोणी? ज्याची त्या कागदावर सहीच नाही, त्याने!

कायद्यास हे मान्य नाही. ठेकेदाराने वेतन न दिल्यास मूळ मालकाने ते द्यावे व मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. तत्त्व तेच राहिले. मात्र वीस कामगारांची मर्यादा पन्नासावर गेली. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, हा वेतन संहितेचा दंडक तर सर्वांनाच लागू आहे. आमच्या विद्यार्थ्याकडे मुले तीसच. अशा लहान ठेक्यात करारातील शब्दालाच अधिक मोल येते.

आम्ही त्याला तीन गोष्टी सुचविल्या. पहिली, बिलाचे दोन भाग करावेत : वेतनाचा भाग कंपनीने पाच तारखेपूर्वी द्यावा, सेवाशुल्क वाटल्यास साठ दिवसांनी. दुसरी, दर ठोक न लिहिता वेतन, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, सेवाशुल्क व कर हे वेगवेगळे मांडावेत. ठोक दरात घासाघीस झाली की कात्री वेतनालाच लागते. तिसरी, तापल्या लोखंडाजवळ उभ्या राहणाऱ्याचे बूट, हातमोजे व चष्मा कोणी द्यावयाचे, ते स्पष्ट लिहावे.

आणखी एक कलम होते. कंपनीने एखाद्या मुलास वर्षाच्या आत स्वतःच्या सेवेत घेतल्यास ठेकेदारास भरपाई द्यावयाची. ठेकेदाराचे श्रम आम्ही नाकारीत नाही. पण कायम नोकरीच्या दारावर असा जकातनाका का असावा?

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पहिल्या दोन गोष्टी कंपनीने मान्य केल्या; बूट-हातमोजेही कंपनीच देणार. जकातनाका मात्र उठला नाही, वर्षाचा सहा महिन्यांवर आला.

त्या तिसांपैकी चौघे आमच्याच शाळेच्या बाकांवर बसून गेलेले. सही करावयास आम्ही त्यांना शिकविले होते. पण ज्या कागदावर त्यांचे पोट अवलंबून, त्यावर त्यांच्या सहीला जागाच नाही. निदान सही करणाऱ्या दोघांनी तरी त्यांची आठवण ठेवावी.