ऑपरेशन झालं, म्हणजे सगळं झालं?

"माझं ऑपरेशन झालंय." गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी असो, निरोधचा विषय असो की अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार, तिशी-पस्तिशी ओलांडलेली बाई हे एक वाक्य बोलते आणि विषय मिटवते. दोन मुलं झाली, नळ्या बांधल्या, सुटले एकदाची. आशाताईही मान डोलावून पुढच्या घरी जाते, कारण तिच्या वहीत या बाईचा रकाना भरलेला असतो. माझं मत विचाराल, तर लैंगिक संसर्गाच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत उघडी पडलेली बाई हीच आहे. कॉलेजातल्या मुलींची काळजी करणारे पुष्कळ आहेत, हिची कुणालाच वाटत नाही. तिची तिलाही वाटत नाही.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. निरोध वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. वास्तविक पुरुषाची नसबंदी ही बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, कमी वेळाची आणि कमी धोक्याची. कुठलाही सर्जन हे सांगेल. पण त्याच पाहणीत ३५ टक्के पुरुषांनी, गर्भनिरोधन हा बायकांचा विषय आहे, पुरुषानं त्यात डोकं घालायचं कारण नाही, या विधानाला होकार दिला. तेव्हा पोट बाईचं फाडायचं, हे ठरलेलंच.

ऑपरेशन काय करतं? बीजवाहक नळ्या बंद करतं, शुक्रबीज आणि स्त्रीबीज भेटत नाहीत. एवढंच. परम्याचा जंतू, सिफिलिस, एचआयव्ही, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही, यांना त्या बांधलेल्या नळ्यांशी काही देणंघेणं नसतं. गोळी, तांबी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, या सगळ्यांना हेच लागू. संभोगानंतर घ्यायची 'आय-पिल'ही त्यातलीच: ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, गर्भापुरती कामाची, संसर्गाला तिचा काडीचाही अडसर नाही. गर्भ आणि रोग दोन्ही अडवणारी वस्तू एकच, निरोध. आणि दिवस राहण्याची भीती संपली की घरातून आधी तीच हद्दपार होते.

"पण आमच्यात तसलं काही नाही हो." हेही ओळखीचं वाक्य. त्यासाठी पुण्यातलं एक जुनं संशोधन सांगते. १९९३ ते १९९६ या काळात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांच्या एचआयव्ही चाचण्या केल्या. त्यांत वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ जणी होत्या. बहुतेक विवाहित, आणि आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यातल्या १३.६ टक्के जणींना लागण झालेली निघाली. हा अभ्यास १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला आणि त्याचे पहिले लेखक होते डॉ. रमण गंगाखेडकर, करोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचे, तेच. या बायका तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा सरसकट सगळ्या घरांना लावू नये. आज औषधांमुळे एचआयव्हीचं चित्रही पुष्कळ बदललंय. पण मुद्दा तोच राहतो. त्या काळी भिंतीभिंतींवर 'एकनिष्ठ राहा' असं रंगवलेलं असायचं. या बायका होत्याच की एकनिष्ठ! त्यांना धोका होता तो लग्नातूनच, आणि लग्नात त्यांनी स्वतःला वाचवायचं कसं, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

त्याच्याही आधी गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तक्रार असो वा नसो. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६. पूर्वी कधीतरी आतून तपासणी झालेल्या किती? आठ टक्के. यातले सगळे आजार संबंधांतून आलेले नव्हते; पाळीचे होते, बाळंतपणातल्या हेळसांडीचे होते, साध्या जंतुसंसर्गाचे होते. पण ते सगळे 'बाईच्या जातीला असायचंच' या एका खात्यावर जमा होते. दुखणं सोसायचं, कंबर धरून रोवणीला जायचं. लोकसंख्येच्या नावानं ऑपरेशनची टार्गेटं गाठणाऱ्या यंत्रणेनं त्या गावांत बाईचं गर्भाशय मोजलं होतं, बाई तपासली नव्हती.

हे असं का झालं, याचं एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना उघडला त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. या माणसाला फक्त मुलं कमी करायची नव्हती. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हे तो लिहीत होता आणि कामसुखावर बाईचाही हक्क आहे, हेही. १९५२ मध्ये सरकारनं कुटुंबनियोजन हाती घेतलं, जगात पहिल्यांदा. त्यात कर्व्यांचं अर्धंच ऐकलं. मुलांची संख्या उचलली. आरोग्य आणि सुख या दोन गोष्टी तशाच टाकून दिल्या. त्या आजतागायत तिथंच पडून आहेत.

आता घरातली अडचण. नळ्या बांधलेल्या बाईनं निरोधचं नाव काढलं की दोनच प्रश्न येतात: "माझ्यावर संशय घेतेस?" किंवा "तुझंच काही आहे की काय?" दोन्हीकडून तीच आरोपी. सांगलीत 'संग्राम' संस्था आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांच्या कामातून धंदा करणाऱ्या बायकांनी निरोधशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही, असा शिरस्ता पाडला, पोलीस आणि गुंडांना तोंड देत पाडला. निरोधचा वापर लोकांपर्यंत नेणं हे ज्यांनी प्रत्यक्षात करून दाखवलं, त्या या बायका. पण गिऱ्हाइकाला सुनावणं वेगळं आणि ज्याला 'मालक' म्हणतात, जिथं जीव गुंतलेला असतो, त्याला सांगणं वेगळं, हे त्या वस्त्यांत काम केलेलं कुणीही सांगेल. मग मंगळसूत्रातल्या बाईला ते किती जड जात असेल?

यावर हमखास उपाय माझ्याकडे नाही. काही जणी डॉक्टरला मध्ये घालतात: "बाईंनी सांगितलंय, तीन महिने वापरायचा." मला यात काही गैर वाटत नाही. उलट डॉक्टरांनी आपलं नाव अशा कामी खुशाल वापरू द्यावं, चिठ्ठीवर लिहूनच द्यावं. नवरा-बायकोत बोलणं होत असेल, तर दोघांनी मिळून एकदा तपासण्या करून घेणं हा सर्वांत सरळ मार्ग. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रात एचआयव्हीची चाचणी फुकट होते आणि २०१७ च्या कायद्यानं तिची गुप्तता राखणं बंधनकारक आहे. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता बोलता येतं. आणि जिथं 'नाही' म्हटल्यावर हात उगारला जातो, तिथं निरोधच्या गप्पा व्यर्थ आहेत. तिथं १८१ ही महिला हेल्पलाइन लावा. नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा, पत्नी १८ वर्षांवरची असेल तर, आजही बलात्कार म्हणत नाही. नव्या न्याय संहितेतही तो अपवाद कायम ठेवला गेला. लोक मात्र कायद्याच्या पुढे आहेत. नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचा बाहेर संबंध असेल किंवा बाई थकलेली असेल, या तिन्ही कारणांनी तिनं नकार देणं योग्य आहे, असं ८० टक्के स्त्रिया आणि ६६ टक्के पुरुष राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत म्हणाले.

बाईच्या हातातलाही एक निरोध असतो, आत बसवायचा. तो नाशिकजवळ सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत बनतो आणि आफ्रिकेतल्या देशांत जातो. सिन्नरच्या बाजारपेठेतल्या केमिस्टकडे तो मागून बघा आणि काय उत्तर मिळतं ते मला कळवा.

थोडं स्वच्छतेबद्दल, कारण या बाबतीत आपल्या शिकल्यासवरल्या बायका अडाण्यांच्या पुढे आहेत. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. साबणानं नाही, डेटॉलनं नाही, टीव्हीवरच्या गुलाबी बाटलीतल्या 'इंटिमेट वॉश'नं तर नाहीच. आत चांगले जंतू असतात, ते आम्लता टिकवतात, आणि ती आम्लताच रोगजंतूंना रोखते. धुऊन धुऊन आपण पहारेकऱ्यांनाच हाकलतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. संबंधांनंतर लघवीला जाऊन येणं, हे मूत्रमार्गाच्या संसर्गाविरुद्ध बिनखर्चाचं शहाणपण. आणि खोबरेल तेल! केसांना लावा, डाळीला फोडणी द्या, पण निरोधबरोबर नको. तेलानं, व्हॅसलिननं रबर काही मिनिटांत कमजोर होतं आणि फाटतं. कोरडेपणा असेल तर केमिस्टकडे पाण्यात विरघळणारी जेली मिळते. पाळी जाण्याच्या वयात तर ती संसाराच्या यादीत बदामाच्या आधी लिहावी. त्या वयात संबंध दुखतात म्हणून कितीतरी जणी दात-ओठ खाऊन सोसतात किंवा 'आता काय वय आहे का' म्हणून विषय बंद करतात. दुखणं हा संसाराचा भाग नाही. त्यावर औषध आहे, मलम आहे, आणि 'आज नको', 'असं नको, असं कर' हे म्हणण्याची सोयही आहे.

पांढऱ्या पाण्याचं काय? थोडंसं, बिनवासाचं, पाळीच्या चक्राबरोबर कमी-जास्त होणारं पाणी निरोगीच. दह्यासारखं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर संबंधांतून आलेला संसर्ग असू शकतो. म्हणजे प्रत्येक वेळी नवऱ्यावर बोट दाखवायचं कारण नाही, आणि प्रत्येक वेळी त्याला सोडूनही द्यायचं नाही. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यासाठी रंगवार औषधांचे संच असतात. योनीदाहाचा हिरवा, गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गाचा राखाडी. या राखाडी संचाची खरी गंमत अशी, की तो एकटीनं घेऊन भागत नाही. तोच नवऱ्यालाही घ्यावा लागतो. बाई गोळ्या घेते, बरी होते, आणि महिन्याभरात त्याच्याकडून तोच रोग पुन्हा घेऊन दवाखान्यात येते. मग तिची फाइल जाड होत जाते. नवऱ्याची फाइलच नसते.

राहता राहिला कॅन्सर. एचपीव्ही हा विषाणू कातडीच्या स्पर्शानंही पसरतो, म्हणून निरोध त्याला पूर्ण अडवू शकत नाही. इथं उपयोग लस आणि तपासणीचा. लस पुण्यात बनते, 'सर्व्हाव्हॅक', २०२३ पासून बाजारात आहे. ती मुलींना द्या, शक्यतो नऊ ते चौदा या वयात. आईसाठी तपासणी. ती किती मोलाची आहे, हे जगाला दाखवलं आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यानं, आताच्या धाराशिवनं. टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी तिथल्या खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर बायकांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी केली, तरी पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्वारी काढणाऱ्या बायकांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला दिलेला हा पुरावा आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयातल्या किती जणींची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी कधीतरी झालेली होती? १.९ टक्के.

एचपीव्हीची चाचणी सगळीकडे नसते, पण साधी व्हिनेगरची तपासणी सरकारी केंद्रांत होते, फुकट होते. गर्भाशयाच्या तोंडावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवतात. तिशीनंतर, दर पाच वर्षांनी. ऑपरेशन झालेलं असो, पाळी गेलेली असो, नवरा वारलेला असो, ६५ पर्यंत लागू. रक्तदाब आणि साखर बघायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा तिथल्या नर्सताईंना विचारा, ही तपासणी कोणत्या वारी असते. पाळी चालू नसेल असा दिवस धरा, बरोबर जाऊबाईंनाही न्या. आणि संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर वार बघत बसू नका, दुसऱ्याच दिवशी जा.