पंपावर ठपका ठेवण्यापूर्वीं

गाडी चढावर बंद पडली कीं "पंप गेला" हा निकाल आपल्या भोर-वेल्ह्याकडे इतक्या तांतडीनें दिला जातो कीं, जमिनीच्या तंट्यांचे निकाल कचेरींत तसे लागते तर निम्म्या गांवांतील हद्दीचे दगड आज दुसऱ्याच्या शेतांत दिसले असते. मीं सारी उमर महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रशास्त्राचें शिक्षण मला नाहीं. परंतु पुराव्यावांचून कोणासहि दोषी धरूं नये एवढें त्या नोकरींत शिकलों, आणि जुन्या पेट्रोल-गाडीच्या पंपासहि तोच न्याय मिळावा असें माझें मत झालें आहे. तें मत मला फुकट मिळालेलें नाहीं.

गेल्या भातलावणींत केळदच्या बाजूस आमच्या नात्यांतील एका तरुण मुलास बांधावर सर्पदंश झाला. रुग्णवाहिका येण्यास वेळ लागणार होता आणि दारांत माझी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी होती. तिचा पेट्रोलचा पंप आठच दिवसांपूर्वीं नवा बसविलेला, म्हणून मी निर्धास्त होतों. वेल्ह्याकडे येतांना खिंडीच्या चढावर गाडीनें दोन-तीन हुंदके दिले आणि ती थांबली. पाऊस कोसळत होता. मागून आलेल्या दुधाच्या टेंपोवाल्यानें मुलास उचलून नेलें म्हणून तो आज धडधाकट आहे. दोष नंतर सांपडला तो टाकीजवळच्या वीतभर रबरी नळींत. तिला केसाएवढी चीर गेली होती. नवी नळी आणावयास जो पैसा लागला तो नव्या पंपाच्या किंमतीपुढें सांगण्याच्या लायकीचाहि नाहीं.

ही चूक समजण्यासाठीं पंपाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नांवानें निघालेली आणि पुढें पद्मिनी म्हणून घरोघर ओळखली गेलेली ही गाडी घ्या, किंवा मारुती ८०० ची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी घ्या. दोहोंचा पंप इंजिनाच्या अंगास लावलेला असतो. आंत रबरी कापडाचा एक पडदा व दोन झडपा असतात. इंजिनांतील दांड्याचा उंचवटा एका लहान दांडीस ढकलतो, दांडी पडदा ओढते, पडद्यामागें पोकळी होऊन टाकींतील पेट्रोल ओढलें जातें. मग स्प्रिंग तोच पडदा परत लोटते व पेट्रोल कार्ब्युरेटराकडे जातें. म्हणजे पंपाचीं कामें दोन, मागून ओढणें व पुढें लोटणें. पद्मिनीची टाकी गाडीच्या मागच्या अंगास आहे. चढावर गाडीचें नाक वर झालें कीं टाकी खालीं राहते, पंपास पेट्रोल अधिक उंच ओढावें लागतें, आणि नेमकें त्याच वेळीं इंजिनास पेट्रोल अधिक लागतें. अशा वेळीं वाटेंतील नळीस बारीक चीर असेल तर पंप पेट्रोलाऐवजीं वारा ओढतो. गाडी सपाटीवर आणून उभी केली तर चिरेंतून थेंबहि गळत नाहीं, कारण तेथें पेट्रोल बाहेर येत नसून हवा आंत जात असते. म्हणून मिस्त्री नळीवर हात फिरवितो, ती कोरडी लागते, आणि ठपका पंपावर येतो.

आतां चौकशी कशी करावी तें सांगतों. पहिला प्रश्न पंपास नव्हे, ठिणगीस विचारावा. तापलेली कॉइल घाटांत ठिणगी सोडेनाशी होते आणि निवाली कीं पुन्हां चालूं लागते. हें लक्षण पेट्रोल तुटल्यासारखेंच दिसतें. गाडी बंद पडलेली असतांनाच ठिणगी पाहावी, घरीं आल्यावर पाहून उपयोग नाहीं. ठिणगी चांगली असेल तर टाकींत काठी घालून पेट्रोल खरोखर आहे का पाहावें; जुन्या गाडीच्या कांट्यावर विश्वास ठेवणें म्हणजे गांवकामगाराच्या तोंडी अंदाजावर पीकपाहणी भरणें. नंतर टाकीचें झांकण सैल करावें. सुस्कारा ऐकूं आला आणि गाडी त्यानंतर नीट चालली, तर झांकणाचें हवेचें छिद्र चिखलानें बुजलें आहे एवढाच अर्थ.

त्यानंतर बाटलीची परीक्षा. इंजिन थंड होऊं द्यावें. जवळ विडी-काडी नसावी आणि वाळूची बादली असावी. कॉइलला वीज पुरविणारी बारीक तार सोडून ठेवावी, म्हणजे ठिणगी उडण्याचें भय नाहीं. कार्ब्युरेटराकडे जाणारी नळी काढून तिचें तोंड बाटलींत धरावें व दुसऱ्या माणसाकडून स्टार्टर फिरवावा. ठोके देत जोरदार पिचकाऱ्या आल्या तर निदान त्या घटकेपुरता पंप निर्दोष आहे. धार कमजोर असेल किंवा तिच्यांत बुडबुडे असतील, तरीहि पंप अजून दोषी ठरलेला नाहीं, आणि आपले लोक चुकतात तें येथेंच. टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडून तिचें तोंड बंद करावें, आणि पंपास हातभर नवी नळी लावून तिचें दुसरें टोंक स्वच्छ पेट्रोलाच्या लहान डब्यांत बुडवावें. आतां धार सुधारली तर पंपास सोडून द्या. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर आहे. नळी, सांधे, गाळणी, टाकींतला गंज, यांपैकीं कोणी तरी गुन्हेगार आहे. ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे. माझ्या गाडीवर ती आधीं झाली असती तर खिंडींतला तो प्रसंग आला नसता.

डब्यांतूनहि धार येईना तर मात्र पंप उघडावा. पंपाच्या खालच्या छिद्रांतून पेट्रोल ठिबकत असेल, किंवा इंजिनाच्या तेलाची पातळी आपोआप वाढून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पडदा फाटला असें निश्चित समजावें. अशी गाडी मुळींच चालवूं नये. पातळ झालेलें तेल इंजिन खाऊन टाकतें, म्हणून पंपाबरोबर तेंहि बदलावें. पडदा व झडपा सुट्या मिळत असतील तर जुना पंप दुरुस्त करणें मला अधिक पसंत आहे. पंप व इंजिन यांच्यामधील जाड तुकडा मात्र मिस्त्रीस फेकूं देऊं नये. तो उष्णता अडवितो, आणि त्याच्या जाडीवर दांडीची चाल अवलंबून असते.

वैशाखांत वरंध घाट चढतांना आणखी एक फसवणूक होते. तापलेल्या नळींत पेट्रोलाची वाफ होते, पंप वाफेस लोटूं शकत नाहीं, आणि चांगला पंप मेल्यासारखा दिसतो. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडा वेळ वाट पाहिली कीं गाडी चालूं लागते. तापलेल्या इंजिनावर पाण्याची बादली ओतणारे मात्र मीं पाहिले आहेत. त्यांनीं घाटांत इंजिनाचा डोकेभाग तडकवून घेतला तर नवल नाहीं.

एक गोष्ट ऊंस लावणाऱ्या बंधूंस कदाचित् रुचणार नाहीं. २०१४ च्या सुमारास पेट्रोलांत इथेनॉल शेंकडा दोनांहूनहि कमी असे. २०२२ मध्यें तें दहा झालें व २०२५ मध्यें वीस. त्यांतील कांहीं वांटा आपल्याच उसाचा, आणि मी त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु या जुन्या गाड्यांचें रबर या मिश्रणासाठीं केलेलें नव्हतें. तें फुगतें, मऊ पडतें, पुढें चिरतें. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें. आपल्याकडे जूनपासून दसऱ्यापर्यंत छपराखालीं उभी राहिलेली गाडी बाहेर निघते तेव्हां टाकीच्या तळाशीं पाणी व गंज जमलेला असतो, आणि भात काढणीच्या ऐन घाईंत ती हुंदके देऊं लागते. पावसाळ्यापूर्वीं सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणें, हाच एक खर्च मी न विचारतां करण्यास सांगेन.

नव्या गाड्यांस यांतील बाटलीची व डब्याची परीक्षा लावूं नये. त्यांचा पंप विजेवर चालतो, टाकींत बुडालेला असतो, आणि नळींतील दाब इतका असतो कीं सांधा उघडतांच पेट्रोल अंगावर उडतें.

सारा दोष मिस्त्रीवर टाकणेंहि न्यायाचें नाहीं. आपणच बाजाराच्या दिवशीं गाडी त्याच्या दारांत लावून "काय असेल तें बदलून टाका, संध्याकाळीं नेतों" असें सांगतों. तपासाची मजुरी देतांना आपला हात आंखडतो, नव्या भागाची किंमत मात्र मुकाट्यानें देतों. मग त्यानें तपास कशासाठीं करावा? मी आतां तपासाचा पैसा वेगळा ठरवितों आणि काढलेला जुना भाग हातांत मागून घेतों. हा रिवाज पडला तर दोघांचेंहि हित आहे.

आपल्या मंडळास माझी सूचना अशी आहे कीं, फवारणीचा पंप जसा सभासदांस वापरावयास मिळतो, तसा एक तपासणीचा संच गोदामांत ठेवावा. चार हात इथेनॉल सोसणारी नळी, पेट्रोलाचा झांकणाचा डबा, कांचेची बाटली, दोन पकडी, आणि जमल्यास दाब मोजण्याचें घड्याळ. यापेक्षां अधिक कांहीं लागत नाहीं. मंडळाच्या पुढील सभेंत याचा विचार व्हावा. तोंपर्यंत माझा डबा व नळी घरीं पडवींतल्या खुंटीवर आहेत. ज्यांस पाहिजे असतील त्यांनीं न्याव्या, मात्र भातकापणीपूर्वीं परत आणून द्याव्या.